पहिलं नाव

"हे तुमचंच ना?" बँकेतल्या बाईंनी विचारलं आणि तो "हो" म्हणाला. प्रश्न आणि उत्तराच्या मध्ये काही गेलंच नाही, साधा श्वाससुद्धा नाही. बाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला होता आणि त्यावर परक्या लिपीत वडिलांच्या घराजवळच्या बँकेचं नाव होतं. गावाचं नाव त्यांनी वाचलं ते तुकडे करून, नको तिथे तोडून, तरी विमानतळाच्या पट्ट्यावर दुरून येणारी आपली बॅग ओळखू यावी तसं ते त्याला ओळखू आलं. घरासाठी कर्ज हवं म्हणून तो इथे बसला होता. कर्जासाठी कर खात्याचा उतारा लागतो, तो बाईंनी मागवला होता, आणि त्या उताऱ्यात अगदी शेवटी, त्याच्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या खाली, मायदेशी त्याच्या नावावर असलेल्या मुदत ठेवी आल्या होत्या. देशादेशांत हल्ली ही माहिती आपोआप जाते-येते, असं बाई म्हणाल्या, बाहेर पाऊस आहे हे सांगावं अशा आवाजात. ठेवींवर पहिलं नाव त्याचं होतं, दुसरं वडिलांचं.

"अर्जात लिहिलं नव्हतं तुम्ही."

"राहून गेलं."

"होतं असं. उलट चांगलंच आहे, अर्ज बळकट झाला तुमचा. मागचा थोडा कर भरावा लागेल, वर किरकोळ दंड. पण घराचं जमून जाईल." त्यांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. "शुक्रवारपर्यंत एवढं लेखी द्या, की पैसे तुमचे आहेत आणि कुठून आले. आणि नसतील तुमचे, तर ज्यांचे आहेत त्यांचं पत्र आणा. फक्त मग आपल्याला नुसत्या पगारावर बघावं लागेल."

नुसत्या पगारावर ते घर बसत नव्हतं. हे बाईंना माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि ते पुन्हा बोलून दाखवण्याइतक्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला एक पेन भेट दिलं. बँकेचं नाव असलेलं ते पेन खिशाला लावून तो रस्त्यावर आला, कोपऱ्यापर्यंत चालला आणि मग आपली गाडी उलट्या बाजूला उभी आहे हे लक्षात येऊन परत फिरला.

तो 'हो' त्याला टोचत होता. खोटं बोललो म्हणावं तर तसंही नव्हतं. नाव त्याचंच होतं, सहीही त्याचीच. पण दरवर्षी कर भरताना या देशाचं सरकार त्याला विचारायचं, परदेशात तुमचं काही आहे का? आणि दरवर्षी तो 'नाही'वर बोट ठेवून पुढे जायचा. तेव्हाही मध्ये काही जात नसे. एक तर परदेश हा शब्द वाचला की त्याला परदेशच आठवायचा, घर आठवायचं नाही. घर कसं परदेश असेल? परदेशात तर तो राहत होता. आणि दुसरं म्हणजे ते पैसे बाबांचे होते, बाबांचा चष्मा बाबांचा असतो तितक्या सरळपणे. हे इतकं उघड होतं की त्याचा विचारही करावा लागला नव्हता. मग आज काय झालं? 'हो' म्हटल्यानं पैसे जाणार होते तेव्हा तोंडातून 'नाही' आलं, आणि 'हो' म्हटल्यानं घर मिळणार आहे असं दिसताच 'हो' आलं. त्याचं काम वजनकाटे तपासण्याचं होतं. औषधांची दुकानं, सोनारांची दुकानं, मासळीची गोदामं, सगळीकडे जाऊन तो काट्यावर प्रमाण वजनं ठेवायचा आणि काटा किती खोटं बोलतो ते लिहून द्यायचा. काटा दोन्ही बाजूंना चुकत असेल तर तो बिघडलेला असतो. नेहमी एकाच बाजूला चुकत असेल, तर कुणीतरी तो तसा लावलेला असतो. हे तो नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायचा.

दुपारी औषधाच्या दुकानात हातमोजे घालून तो लहान वजनं चिमट्यानं उचलत होता. बोटाचा घाम लागला तरी त्या वजनांत तो मोजला जातो, म्हणून हातमोजे. काट्याचे आकडे थरथरले, थांबले, पुन्हा थरथरले. काच बंद होती, दार बंद होतं, पंखा बंद होता. "तुम्ही टेबलाला टेकलाय," दुकानदार म्हणाला. खरंच टेकला होता तो, मांडी लागली होती. इतक्या वर्षांत ही चूक त्याच्याकडून झाली नव्हती. तो मागे सरला आणि आकडे स्थिर झाले.

गाडीत बसून त्यानं टक्क्याला फोन केला. टक्के हे काही त्याचं आडनाव नव्हतं. भेटेल त्याला कुठल्या बँकेत किती टक्के मिळतात ते सांगायची त्याला खोड होती, म्हणून इथली मराठी मंडळी त्याला टक्के म्हणत, आणि तोही ओ देई. इथे नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं खातं टक्केच उघडून द्यायचा. इकडचे पैसे तिकडे कसे न्यावेत, तिकडचे इकडे आणू नयेत, कुठे सही करावी, कुठे तोंड बंद ठेवावं, सगळं त्याला पाठ होतं.

"मग घोडं अडलंय कुठे?" सगळं ऐकून टक्के म्हणाला. "नाव तुझं, सही तुझी, बाई स्वतः म्हणतेय घर घ्या. मी असतो तर लोटांगण घातलं असतं बाईला."

"पैसे बाबांचे आहेत रे."

"बाबांचे म्हणजे कुणाचे? ते काय सोबत बांधून नेणारेत?"

"ताई आहे."

पलीकडे टक्के काहीतरी चावत होता, ते थांबलं. "हां. ताई आहे." मग पुन्हा चावणं सुरू झालं. "पण तिचं नाव आहे का त्यावर? नाही ना? मग तुझ्या बाबांनीच ठरवलंय की. तू कशाला जास्तीचा शहाणा होतोस? आणि हे बघ, दंडाचं मी बघतो. आपला एक माणूस आहे."

आपला एक माणूस टक्क्याकडे नेहमीच असायचा. फोन ठेवल्यावर त्याला जे बरं वाटलं ते समोरच्या सिग्नलचा दिवा बदलेपर्यंत टिकलं. ताई. ताई शाळेत शिकवायची आणि शाळा सुटली की बाबांकडे जायची. आई गेल्यापासून एक दिवस खाडा नाही. डोळ्यांत थेंब घालायचे, भाजी निवडून ठेवायची, बाबांची कुरकुर ऐकायची आणि मग आपल्या घरी जाऊन पुन्हा तेच सगळं करायचं. तो बायकोबरोबर ते विकाऊ घर बघायला गेला होता त्या दिवशी, मुलीसाठी म्हणून दाखवलेल्या लहान खोलीत, तो खिडकीपासून भिंतीपर्यंत पावलांनी अंतर मोजत होता आणि त्याच वेळी मनात दुसरीच बेरीज चालली होती, पगार, शिल्लक, आणि त्यांच्या मागोमाग, कुणी बोलावलं नसताना, ठेवी. म्हणजे बाईंनी पडदा फिरवायच्या किती तरी आधी त्यानं त्या धरल्या होत्या. नुसत्या हिशेबात. हिशेबात धरलं म्हणजे घेतलं असं थोडंच असतं? बायकोनं तेव्हा विचारलंही होतं, काय पुटपुटतोयस? खोली लहान आहे, असं तो म्हणाला होता.

त्या ठेवींसाठी बाबा त्याला नेहमी प्रत्यक्ष बँकेत न्यायचे. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात ज्याची उभी नोकरी गेली असा माणूस. मुदतीच्या तारखा त्यांनी अशा आखल्या होत्या की तो सुट्टीवर येईल त्याच पंधरवड्यात एखादी तरी ठेव संपलेली असायची. आपोआप पुढे चालू ठेवायची सोय होती. मॅनेजर प्रत्येक वेळी सांगायचा, काका, टिक करून टाका ना इथे, आणि बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे, यंत्राचा भरवसा नाही. तो आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहायचे, "चल, सही करून येऊ." सगळे ओळखत असूनही टोकन घ्यायचे. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचे, हा मुलगा, बाहेर असतो, सहीसाठी आलाय. मग टेबलाशी, त्याच्या खांद्यावरून वाकून, कागदावर बोट ठेवून, "इथे. सावकाश. मागच्या खेपेला शेवटची वेलांटी उडाली होती तुझी." बाबांच्या बोटाला तेव्हा साबणाचा वास यायचा. परतताना ते लांबचा रस्ता धरायचे. हे दुकान बंद पडलं, हा गेला, त्याच्या मुलानं गच्चीवर खोली चढवली, या झाडावरून नगरपालिकेत भांडण चाललंय. घरात ते असं बोलत नसत. घरात ते बातम्या बघत, आणि तो फोन बघत बसे. एकदा त्यानं वैतागून म्हटलं होतं, बाबा, तुमच्या त्या व्याजाहून माझं तिकीट महाग पडतं. त्यावर ते म्हणाले होते, "व्याज व्याजाच्या ठिकाणी." आणि त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, आपण मोठ्या मनानं पुरवतोय.

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती; घरी येऊन हात धुतले तरी तिच्याभोवती लवंगेचा वास राहायचा. मुलगी बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर, कानांत बोळे घालून अभ्यास करत होती. तिची खोली म्हणजे तो सोफाच होता. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि तू हो म्हणालास."

"तोंडातून गेलं."

"तोंडातून काय काय जातं ते मी रोज बघते," ती म्हणाली. "का म्हणालास?"

तो उठून नळ घट्ट करायला गेला. नळ गळत नव्हता. "आपले म्हणून लिहिलं तर घर होतंय," तो नळाशी बोलला. "बाबा नाही म्हणायचे नाहीत. ताईसुद्धा नाही म्हणायची नाही."

"म्हणूनच तर." तिनं सोफ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला ते घर हवंय. इतकं हवंय की माझे मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून झालेत. पण उद्या ताईंसमोर बसून चहा प्यायचाय मला, आणि तो गिळलाही पाहिजे. तू ठरव. फक्त नंतर मला म्हणू नकोस की तुझ्यासाठी केलं."

ती आत गेली. तो तिथेच उभा राहिला. खोल्या इतक्या जवळजवळ होत्या की कुणीच कुणापासून लांब जाऊ शकत नव्हतं. आत कपाटाचं दार उघडलं तरी इथे भांडं वाजायचं. इथे आल्यापासून त्यांनी अशीच घरं बदलली होती, दर वेळी घरमालकाची परवानगी मागून खिळा ठोकत, आणि जाताना तो खिळा उपटून भोक बुजवत. स्वतःच्या भिंतीत विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा, एवढंच त्याला हवं होतं. पण एवढंच असं म्हणताना त्यात आपला आवाज जरा जास्तच गरीब येतोय, असंही त्याला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सोनाराच्या दुकानाबाहेर गाडी लावून त्यानं ताईला फोन केला. ताईची मधली सुट्टी चालू होती, मागे पोरांचा गलका होता.

"अगंबाई! आज सूर्य कुठून उगवला?"

"सहज केला."

"सहज तू झोपतोस. बोल."

"बाबांच्या त्या ठेवी आहेत ना..."

"तुझ्या म्हण," ताई म्हणाली. आवाजात काटा नव्हता, वर्गात चुकलेला शब्द सुधारावा तसं म्हणाली. "पासबुक मीच भरून आणते. मला माहीत नाही होय?"

"तुला कधी काही वाटलं नाही?"

"वाटलं की. एकदा दोन दिवस बोलले नाही मी बाबांशी. त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग काय करते, तिसऱ्या दिवशी बोलले." ती हसली, आणि मध्येच कुणाला तरी म्हणाली, ए, खाली उतर आधी. "का रे? काय झालंय?"

त्यानं सांगितलं. घराचं, बाईंचं, शुक्रवारचं. सांगताना 'हो'चा भाग तो गाळणार होता, पण गाळला नाही. घंटा झाली. गलका एकदम आत ओढला गेला आणि ताईचा आवाज मोकळ्या व्हरांड्यात आला.

"हे बघ, मला विचारू नकोस," ती म्हणाली. "मी घे म्हटलं की तू सुटलास. नको म्हटलं की मी वाईट. मला दोन्ही नकोय. मला वर्गावर जायचंय." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "बाबांना जरा हळू सांग काय ते. हल्ली त्यांना एकदम सांगितलेलं लागतं."

सोनाराचा काटा बरोबर निघाला. सोनार खूश झाला, त्यानं पाणी विचारलं. याला मात्र कुठेतरी चूक सापडायला हवी होती असं वाटत राहिलं, म्हणून तो ताटलीच्या कोपऱ्यांवर पुन्हा वजन ठेवून बघत राहिला, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. सगळीकडे तेच. "आता काय माझ्यावर खटला भरायचाय का?" सोनार म्हणाला. त्यानं सामान आवरलं. वजनांच्या पेटीत मखमलीचे खळगे होते, प्रत्येक वजनाला त्याच्याच मापाचा. एकाच्या जागी दुसरं बसत नसे. गाडीत येऊन पेटी मांडीवर घेऊन तो बसला आणि त्यानं वडिलांचा नंबर लावला. तिकडे टळटळीत दुपार असणार. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"बोल," वडील म्हणाले. मागे छताचा पंखा खटखटत होता.

तो हळू सांगणार होता. "बाबा, एक पत्र लिहून द्याल? की त्या ठेवींतले पैसे तुमचे आहेत, माझे नाहीत."

"माझे कसे? पहिलं नाव तुझं आहे."

"नाव आहे. पैसे तुम्ही मिळवलेत."

"तुझ्याचसाठी ठेवलेत ते."

"ते खरं. पण इथे विचारतायत की कुणाचे आहेत." मग त्याला बाकीचंही सांगावं लागलं. वडिलांनी मध्ये एकदाच विचारलं, दंड होतो म्हणजे पोलीस वगैरे येतात का? येत नाहीत, तो म्हणाला.

"तुझे म्हणून लिहिलंस तर घर होतंय, असं ना?"

"होतंय."

"मग लिही की. माझी हरकत नाही."

"माझे नाहीत ते, बाबा."

बोलून झाल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. समोर एक बाई गाडी मागे घेत होती, तिला जमत नव्हतं, ती पुन्हा पुन्हा पुढे येत होती. ते घर आता दुसरं कुणी घेईल, एवढं मात्र त्याला स्पष्ट दिसलं, आणि ती लहान खोली, आणि तिथे न लागलेले पडदे.

"बरं," वडील म्हणाले. त्यांना वाईट वाटलं की नाही ते कळेना. ते लगेच कामाला लागले होते. "पत्र लिहितो. शिक्का लागेल?"

"सही पुरे."

"आणि ठेवींचं काय करायचं? मोडायच्या?"

"मोडू नका. माझं नाव काढून टाका, नुसत्या तुमच्या नावावर करून घ्या."

"त्याला तुझी सही लागेल." वडिलांचा आवाज एकदम वर आला. "समोर येऊन करावी लागते. मला ठाऊक आहे, विचारून ठेवलंय मी."

"यायची गरज नाही बाबा. कागद पाठवा, इथून साक्षांकित करून पाठवतो. चालतं तसं."

"चालतं?"

"चालतं."

"आणि पुढे मुदत संपली की?"

"तुमची एकट्याची सही."

वडिलांना धाप लागली होती, जिना चढून आल्यासारखी. "म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "तुझं तसं इकडे काही काम उरलं नाही."

इस्त्रीचा शर्ट, टोकन, लांबचा रस्ता. यंत्राचा भरवसा नाही. इतक्या वर्षांचं ते सगळं एका जागी येऊन उभं राहिलं आणि मांडीवरची पेटी त्याला अचानक जड लागायला लागली. त्यानं ती शेजारच्या सीटवर ठेवली.

"मी येईन ना," तो म्हणाला. "काम नसलं म्हणून काय झालं? असाच येईन."

"असाच?" वडिलांनी तो शब्द थोडा वेळ तपासून पाहिला, आणि तो त्यांना पटला नाही. "उगाच कशाला? तिकिटाला काय कमी पैसे पडतात?"

"पडू देत."

"नाही, नाही. असं नको." आणि मग त्यांना एकदम सुचलं. नकाशावर वाट सापडल्यासारखे ते भराभरा बोलायला लागले. "असं करू. या घरालाच तुझं नाव लावून घेऊ. सोसायटीत अर्ज द्यावा लागतो, मग कचेरीत जाऊन उभं राहावं लागतं, फोटो काढतात, अंगठा घेतात. तिथे कागद पाठवून भागत नाही. एका खेपेत तर होतच नाही ते, दोन-तीन खेपा होतात."

बँकेतल्या बाईंचा पडदा, उतारा, त्यात आणखी एक ओळ, पुन्हा तोच प्रश्न. हे सगळं त्याला आताच दिसत होतं. समोरच्या बाईची गाडी अखेर जागेत बसली होती आणि ती उतरून बघत होती.

"नको बाबा," तो म्हणाला. "लावायचंच असेल तर ताईचं लावा."

"तिचं?" वडील म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "तिचं कशाला लावायचं? ती तर रोज येते."